शहर होण्याआधी मरायचं

आमचं गाव बिदर शहरात जाणार असं कळलं, तेव्हा मी पेढे वाटले. शहराची महापालिका करायची म्हणून भोवतालच्या ग्रामपंचायती तिच्यात घालणार होते. जन्मभर खेडवळ म्हणून ओळखला गेलेला मी आता बाजेवरून न उठता शहरी होणार होतो.

पंचायतीपुढं सभा भरली. शहरातून आलेल्या साहेबांनी कन्नडात नळ, गटार, दिवे सगळं समजावलं. मी वाक्यावाक्याला टाळ्या वाजवत होतो. तेवढ्यात माझे वडील, अप्पा, उठले.

“साहेब, माणूस मेल्यावर कसं?”

“शहराची स्मशानभूमी आहे की.”

“आमच्यात रानात पुरतात. बायको माझी रानातच हाय. तिच्या बाजूला माझी जागा राखलीय.”

“शहराच्या हद्दीत रानात पुरता येत नाही, अप्पा.”

माझी टाळी हवेतच राहिली. आई गेल्यापासून तेवढा तुकडा अप्पांनी पेरला नव्हता. तूर असो की सोयाबीन, पेरणी त्याला वळसा घालून जायची.

“हे कधीपासून?” अप्पांनी विचारलं.

“पुढल्या एक तारखेपासून.”

अप्पा घरी आले, धोतर बदललं, अंगणात बाजेवर आडवे झाले. “मला एक तारखेच्या आत मरायचंय. जेवायला बोलवू नगा.”

घरातली नाटकं मी करायची, असा आजवरचा रिवाज. पण हे नाटक नव्हतं. दुसऱ्या दिवशीही ताट भरलेलंच परत आलं. मुडबीहून माझी थोरली बहीण, अक्का, धावत आली.

“अप्पा, कामून असं करायलात?”

“तुझी आई तिथं एकटी पडंल.”

“अन् आम्ही?”

“तुम्हाला शहर मिळायलंय की.”

अक्का पदर तोंडाला लावून आत गेली.

संध्याकाळी शेजारच्या रानाचे काका, अप्पांचे लहानपणचे दोस्त, काठी टेकत आले. त्यांचीही जागा त्यांच्या रानात ठरलेली. बाजेच्या कडेला बसून म्हणाले, “व्हय रे, स्वतःचं तेवढं उरकून जायलास? आम्ही काय करावं? माझी तब्येत तर ठणठणीत हाय.”

अप्पा उठून बसले आणि अक्काला म्हणाले, “भाकरी आण.”

सकाळी गावातले सगळे म्हातारे साहेबांच्या कचेरीत हजर. टमटममधून मीच नेले, खेपा करून. इतकी माणसं एकदम आपल्या मरणाची जागा मागायला आलेली पाहून साहेब खुर्चीतून उठलेच. म्हणाले, “बेंगळूरला लिहितो. उत्तर येईपर्यंत थांबा.”

“थांबतो,” अप्पा म्हणाले. “उत्तर येईस्तोवर आमच्यातलं कुणी मरणार न्हाई.”

एक तारीख येऊन गेली. आम्ही शहरी झालो. उत्तर काही अजून आलेलं नाही, आणि ते लवकर यावं असं घरात अप्पांखेरीज कुणालाच वाटत नाही.