लहान दिसणाऱ्या आकाशगंगेचे वय

हा लेख फार उशिरा देतो आहे, त्याबद्दल संपादक मंडळींची माफी मागतो. तुमचे तीन निरोप आले. दर वेळी लिहायला बसलो आणि उठलो. मी सातवीपर्यंत शिकलेला, मसोलीच्या नर्सरीत चिकूची कलमे बांधणारा माणूस. डॉ. निर्मलाताईंच्या साठीच्या गौरवग्रंथात प्राध्यापकांच्या शेजारी मी काय लिहिणार? उशिराचे खरे कारण मात्र दुसरे आहे. तेही सांगतो.

ताईंची ओळख झाली ती वादातून. पुण्यात आकाशगंगांचा अभ्यास करणाऱ्या ताई सुट्टीत माहेरी आल्या होत्या आणि कलम घ्यायला नर्सरीत आल्या. मी एक पुढे केले.

"दोन वर्षांचं आहे, ताई."

"कशावरून?"

"उंची बघा ना. दिसत नाही का?"

"लहान आहे ते दिसतंय, काका. वय कुठे दिसतंय?"

मला राग आला. पिशवी फाडून दाखवली आणि मीच खजील झालो. मुळे आतल्या आत गोल गुंडाळलेली होती. कलम चांगले चार वर्षांचे, पण पिशवीत कोंडून खुंटलेले. ताई तिथेच मातीत बसल्या आणि हसत म्हणाल्या, "माझं सगळं आयुष्य ह्याच प्रश्नात चाललंय!"

मग त्यांनी समजावले. काही आकाशगंगांच्या पोटातले कृष्णविवर दोन बाजूंना झोत फेकते, ते रेडिओ दुर्बिणीला दिसतात. कुठे हे झोत अगदी आखूड असतात. ती आकाशगंगा तरुण असेल, किंवा दाट वायूने झोत अडवून धरले असतील. वायू किती आहे ते क्ष-किरणांवरून कळते, कारण दाट वायू त्यातले कमजोर किरण गिळून टाकतो. हे किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून दुर्बीण अंतराळात ठेवावी लागते. इतके सोपे करून मला कोणी कधी सांगितले नव्हते.

माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्या पुण्याहून आल्या आणि दवाखान्याच्या बाकावर विद्यार्थ्यांचे लिखाण तपासत बसल्या. आमची मंडळी म्हणाली, "बाय, जा आता, किती बसाल?" तर म्हणाल्या, "काकी, घरी जाऊन तरी हेच करणार ना!"

गेल्या वर्षी तलासरीच्या शाळेत त्यांचे भाषण होते. मलाही नेले. एक आकाशगंगा तरुण आहे हे तीन वर्षे खपून सिद्ध केले, लेख छापायला पाठवला, असे त्यांनी आनंदाने सांगितले. मी मागच्या बाकावरून विचारून बसलो, "ताई, पिशवी नीट बघितलीत ना?"

मुले खदखदून हसली. ताई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बघितली, पण क्ष-किरण फार थोडे मिळाले होते."

आठवड्याने त्यांचा फोन आला. "लेख परत घेतला, काका."

"माझ्यामुळे?"

"माझ्या घाईमुळे. तुम्ही उगाच जीव जाळू नका."

पुढच्या महिन्यात त्या मुद्दाम तलासरीला गेल्या. त्याच मुलांसमोर म्हणाल्या, "मागे मी ठामपणे सांगितलं, ते मला अजून माहीत नाही."

एका मुलीने विचारले, "मग वहीत काय लिहू, बाई?"

"वय माहीत नाही, असं लिही."

एवढ्या मोठ्या बाईंनी एवढ्याशा मुलांपुढे हे कबूल केले. असे धैर्य मी दुसऱ्या कोणात पाहिले नाही.

पण तेव्हापासून मला चैन नाही. आता अंतराळातल्या दुर्बिणीवर पुन्हा वेळ मिळाला, निरीक्षण झाले, हिशोब चालू आहे म्हणतात. ताई म्हणतात, "आकाशगंगा म्हातारी निघाली तरी तो शोधच." असेल. पण लेख परत घेतला म्हणताना त्यांचा आवाज मी ऐकला आहे. निकाल कळल्यावरच लिहावे, म्हणून इतके दिवस थांबलो. आता ग्रंथ अडला म्हणतात, तेव्हा निकालाशिवायच देतो.

ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांचे गुडघे, डोळे आणि तीक्ष्ण मन शंभरीपर्यंत साथ देवोत. आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना हात जोडून विनंती, ताई मला जपतात, वाईट बातमी असेल तर टाळतील. तुम्ही टाळू नका. तरुण निघो की म्हातारी, मला फोन करा. दुपारी जेवायला मी घरीच असतो. जरा लवकर कळवा.