स्पाइक बेटावरचं कपाट आणि नोराबाईंचा फोटो

एका इंग्रजी शब्दाचा अर्थ न विचारता मी तो परस्पर मराठीत आणला, आणि त्यापायी शेजारच्या नोराबाईंचा फोटो भंगारात जाणार होता. चूक माझी, म्हणून लिहिणंही मलाच भाग आहे.

२०२१चा ऑगस्ट. माझी मुलगी मृण्मयी आयर्लंडमधल्या रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात आहे. तिच्याकडे आले ती करोनामुळे दीड वर्ष अडकले. घरासमोरच्या पाण्यात स्पाइक बेट रोज दिसायचं. तिथे ब्रिटिश सैन्याचा तळ होता, तो १९३८ साली आयर्लंडच्या ताब्यात आला. नोराबाईंची आई तिथे शिपायांचे कपडे धुवायची. ब्रिटिश जाण्याआधी बेटावरच्या शाळेचा एक फोटो काढला होता. शिपायांची आणि इथली मुलं एकाच बाकावर! त्यात नोराबाईंची मोठी बहीण किटी आहे. ती लहानपणीच वारली. तिचा दुसरा फोटो नाही.

नोराबाई नुकत्याच वृद्धाश्रमात गेल्या. फोटो बेटावरच्या संग्रहालयात पोचवायचं त्यांनी मला सांगितलं. कुठे आहे विचारलं, तर फोनवर म्हणाल्या, “इट्स इन द प्रेस.” मी घरात सांगून टाकलं, “फोटो वर्तमानपत्रवाल्यांकडे आहे.”

बेटाची तिकिटं आधीच काढलेली होती, तेव्हा फोटोशिवायच निघालो. रिंगास्किडीहून जाणाऱ्यांनी ग्लेनब्रुकला गाडीसकट फेरीबोटीत चढावं, पाच मिनिटांत पलीकडे. तिथून कोव्ह बंदर. बेटाच्या बोटीचं भाडं तिकिटातच येतं. स्वेटर न्या. ऑगस्ट आहे म्हणून फसू नका.

किल्ला भक्कम आहे, पण मी रमले ती शिपायांच्या बिऱ्हाडांत. एका खोलीत चूल, पाळणा आणि कोपऱ्यात लाकडी कपाट. आमचा वाटाड्या म्हातारा, मिश्कील.

“आणि हा प्रेस. सगळा संसार यात.”

“यात काय छापायचे?” मी विचारलं.

“छापायचे? मॅडम, कपबशा ठेवायचे!”

सगळे हसले. दहा वर्षांची नात इरा म्हणाली, “आजी, प्रेस इज अ कबर्ड! एव्हरीवन नोज दॅट!”

मला हसू आलं नाही. नोराबाईंचं भाड्याचं घर त्याच दिवशी रिकामं होणार होतं. चार वाजता भंगारवाल्यांचा ट्रक.

“आई, तू वर्तमानपत्र म्हणालीस!” मृण्मयी ओरडली.

“मराठीत सांगितलं.”

“तेच ना! ‘प्रेस’ म्हणाली असतीस तर मला लगेच कळलं असतं.”

दोनची बोट पकडली. फेरीपाशी गाड्यांची रांग होती. नोराबाईंच्या घरी पोचलो तेव्हा दोघे जण स्वयंपाकघरातलं कपाट ट्रककडे नेत होते.

“ठेवा खाली!” मी मराठीतच ओरडले. त्यांनी ठेवलं.

वरच्या फळीवर अंथरलेल्या कागदाखाली फोटो सापडला. मी पायरीवर बसून घेतलं. त्या दोघांतला एक म्हणाला, “यू आर ग्रँड, मिसेस. टेक युअर टाइम.” ग्रँड म्हणजे तिथे ‘काही हरकत नाही’. दीड वर्षात इतकी हलकी मी कधी झाले नव्हते.

आता पुण्यात आहे. शुद्ध मराठीचा माझा हट्ट कायम आहे, पण ऐकलेला शब्द आधी जसाच्या तसा सांगते, अर्थ मागाहून.

त्या दिवसानंतरच्या शनिवारी बेटावरच्या संग्रहालयात जाऊन दिलं ते असं: शाळेचा फोटो एक, उजवा कोपरा दुमडलेला. मागे पेन्सिलीने मुलांची नावं, दोन पुसट. दुसऱ्या रांगेत डावीकडून तिसरी, किटी. देणाऱ्या नोराबाई, आणणारी मी. पोच मिळाली, ती नोराबाईंच्या हातात दिली.