झनकलालभाऊंच्या गाडीची हरकत

आधी माफी मागतो. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे आणि दुपारी एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात काम करत होतो, एवढाच माझा अनुभव. नोकरीतल्या गोष्टी मोठ्या माणसांनी सांगायच्या असतात. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलेलं नाही, त्यामुळे हे लिहिण्यासारखं आहे की नाही, हे विचारायलाही कोणी नव्हतं. चुकलं तर समजून घ्या.

त्या दिवशी झनकलालभाऊंच्या ट्रकला जॅमर लागला होता आणि त्यांचे वडील तो हातानं ओढून काढायला बघत होते. जॅमर म्हणजे ट्रॅफिक पोलीस चाकाला लावतात ते पिवळं लोखंडी कुलूप. दंड भरल्याशिवाय ते निघत नाही. गाडीत तांदूळ भरायचा होता म्हणून आमच्या ऑफिसच्या मालकांनी, सेठजींनी, मला बघायला पाठवलं होतं.

"बाबा, सोडा ते. हात कापेल," झनकलालभाऊ म्हणत होते.

"मंग कोनं लावलं हे? माह्या पोराची गाडी आहे," बाबा म्हणाले. पोरगा शेजारीच उभा होता.

मी ऑफिसात बिल्टी बनवायचो. बिल्टी म्हणजे माल कोणाचा, कुठून कुठं चालला, याची पावती. गोंदियाच्या राइस मिलमधून तांदूळ उचलायचा आणि नागपूरला पोचवायचा, हे आमचं मुख्य काम. झनकलालभाऊ आमच्याकडचे सगळ्यात भरवशाचे. स्वतःची गाडी, स्वतःच चालवणार. ट्रिप संपली की गाडी गल्लीत, घराच्या दारात लावणार.

त्याला कारण होतं. बाबा स्वतः जुने ड्रायव्हर. आता त्यांना काही आठवत नसे. सुनेचं नाव विसरत, जेवलो की नाही ते विसरत. पण दारात गाडी दिसली की झनक घरी आहे, हे त्यांना कळायचं. मग ते शांत बसायचे. गाडी नसली की फाटकाशी उभे राहायचे, कधी कधी थेट रोडपर्यंत चालत जायचे. एकदा मिलच्या गेटवरून त्यांना परत आणलं होतं. त्या रोडवर गाड्या कशा धावतात ते मी रोज बघत होतो.

ज्या नियमानं जॅमर लागला, तोही वाईट नव्हता. जड मालवाहू गाडी वस्तीच्या गल्लीत उभी करायची नाही. माल चढवायचा-उतरवायचा असेल तेवढाच वेळ थांबायचं. बाकी वेळ गाड्या रिंग रोडच्या मैदानावर. समोरच्या बिसेन काकूंनी यासाठी अर्ज केला होता. त्यांच्या यजमानांच्या छातीत दुखायला लागलं तेव्हा ॲम्ब्युलन्स भाऊंच्या ट्रकमुळे गल्लीत येऊ शकली नव्हती. यजमान वाचले, पण काकू ती घटका विसरल्या नव्हत्या. कोण विसरेल?

आदेश काही दिवसांसाठी लागू केला होता. कायम करण्याआधी नगर परिषदेनं लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. मी भाऊंना म्हटलं, आपण हरकत घेऊ.

"तू शिकलेला आहेस. तूच बोल तिथं," ते म्हणाले. "फक्त बाबाचं काढू नको. गल्लीतले लोक बसले राहतीन. बाबानं जिंदगीभर गाडी चालवली, आता त्याले येडा म्हनून सांगू का मी?"

मी हो म्हटलं. मला वाटलं, बाकीचे मुद्दे पुरतील. मैदानावर दिवे नाहीत, डिझेल चोरीला जातं, चौकीदार नाही. मी ते छान लिहून काढले आणि दोनदा वाचून पाठ केले.

सुनावणीला नगर परिषदेचे साहेब चांगले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दिव्यांचं बघतो म्हणाले. मग भाऊंकडे वळले.

"ॲम्ब्युलन्सची तक्रार खोटी आहे का?"

"नाही साहेब. खरी आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"काकाजीले खुर्चीवर बसवून रोडपर्यंत नेलं. खुर्चीचा एक पाय मीच त धरलो होतो."

काकू मागे बसल्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. साहेबांनी पेन ठेवलं.

"मग गाडी दारातच लावायची, असं काय आहे? मोटरसायकलनं घरी यायला काय हरकत आहे?"

भाऊंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. कारण आम्हा दोघांनाही माहीत होतं आणि ते माझ्या कागदावर नव्हतं. मी पुन्हा दिव्यांचं बोललो. आदेश कायम झाला.

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाले, "चांगला बोललास." त्यांनी मला चहा पाजला.

गाडी रिंग रोडला उभी राहू लागली. भाऊ ट्रिपवरून येऊन मोटरसायकलनं घरी जायचे. बाबा फाटकातच विचारायचे, "गाडी कुठी आहे? गाडी नाही त तू कसा आला?" ॲक्सिडेंट झाला आणि सगळे तो लपवताहेत, असं त्यांना वाटायचं. भाऊ घरात झोपलेले असताना बाबा त्यांना शोधायला बाहेर पडायचे.

मग भाऊंच्या डोक्यात केबिन आली. गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या कारखान्यात एक मोडका ट्रक पडला होता. त्याची केबिन तेवढी कापून अंगणात ठेवायची. मला विचारलं, चालते का? मी आदेश पुन्हा वाचला. आदेश वाहनाबद्दल होता. चाक नाही, इंजिन नाही, म्हणजे वाहन नाही. मी खुशीत सांगितलं, चालते.

सेठजी हसले. "अरे बाबू, वकील बन जा तू. आधी गाडीची, मग नुसत्या मुंडीची केस लढ!"

केबिन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आली. गल्लीतल्या लोकांनी हात लावून उतरवली. भाऊंनी तिला आपल्या गाडीसारखाच रंग दिला होता, काचेवर तेच नाव लिहिलं होतं. बिसेन काकूही बघायला आल्या. हे कशासाठी, असं त्यांनी भाऊंच्या बायकोला विचारलं आणि वहिनींनी सांगून टाकलं. काकू भाऊंकडे वळल्या.

"मला आधी का नाही सांगितलं रे झनक?"

"सांगून काय झालं असतं काकू? ॲम्ब्युलन्स त मंग बी बाहेरच राहिली असती."

तेवढ्यात बाबा चढले. स्टिअरिंगवर हात ठेवला. सगळी गल्ली बघत होती. त्यांनी क्लचसाठी पाय चाचपला, मागे वळून बघितलं आणि खाली उतरले.

"येचा डाला कुठी आहे?" डाला म्हणजे ट्रकची मागची माल भरायची जागा. "इंजिन नाही, डाला नाही. येच्यात का कोंबड्या ठेवतेस? मले येडा समजतेस काय रे?"

लोक हसले. भाऊही हसले. मग बाबा फाटकाकडे चालू लागले आणि हसणं थांबलं. पुढं त्या केबिनमध्ये वहिनींनी खरंच कोंबड्या ठेवल्या.

थोड्याच दिवसांत भाऊंनी गाडी विकली. बाबांना रोडवर एका गाडीचा धक्का लागता लागता राहिला होता. भाऊ ट्रिपवर गेले की एकट्या वहिनींना बाबा आवरत नसत. मी शेवटची बिल्टी बनवली तेव्हा ते म्हणाले, "लिव, लिव. अक्षर चांगलं काढ." नंतर मीही परीक्षेसाठी काम सोडून कामठ्याला घरी आलो.

या सगळ्यातून मी शिकलो ते एवढंच. हरकतीत खरं कारण लिहिलं नाही, तर तिचा निकाल बरोबर लागूनही उपयोग नसतो. साहेबांना बाबांचं सांगितलं असतं तर काय झालं असतं, मला माहीत नाही. कदाचित काहीच नाही. पण त्यांना विचार करायला तेवढं तरी मिळालं असतं.

मी भाऊंना फोन करायचं टाळत होतो. गेल्या आठवड्यात त्यांचाच आला. मी घाबरत बाबांचं विचारलं.

"बाबा मस्त आहे. खाते, पिते. आता मी घंटागाडीवर आहो, कचऱ्याच्या. आपल्याच वॉर्डात. तिले कोनी अडवत नाही, रोज दारात लावतो." ते हसले. "सकारी बाबाच बकेट आनून देते माह्या हातात."

"मग ओळखतात ना तुम्हाला?"

"संध्याकाळी घरी ओळखते कधी कधी. गाडीवर नाही ओळखत. काल म्हने, भाऊ, तुही गाडी जरा समोर घे. माहा पोरगा नागपूरवरून येऊन राहिला, त्याले अठी गाडी लावाची आहे."

"तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हनू? घेतली समोर."