जुन्या यंत्राचं सोंग

साखर कारखान्यात ऊसतोडणीच्या पाळ्यांची यादी मी करायचो. म्हणजे कार्डांना भोकं पाडून पेटी पुण्याला न्यायचो. तिथल्या एका केंद्रातला संगणक ती कार्डं वाचून कोणाचा ऊस आधी तोडायचा ते छापून द्यायचा. श्रीगोंद्याच्या एसटीत पेटी मांडीवर घेऊन बसलो की आपण फार मोठे झालो असं वाटायचं. पंचविशीही उलटली नव्हती, माज होताच.

त्या वर्षी केंद्रात नवं यंत्र आलं. आमचा प्रोग्राम मात्र जुन्या यंत्रासाठी लिहिलेला, त्याला दुसरं यंत्र कळायचं नाही. म्हणून आमच्या कामापुरतं नवं यंत्र जुन्याचं सोंग घ्यायचं. सोंग हुबेहूब होतं, फक्त जुन्याच्या दर्शनी भागावरचे खटके त्याला नव्हते. ऑपरेटरनं विचारलं, "तुमच्या कामाला कुठला खटका खाली असायचा? आता तो कार्डावर लिहून द्यावा लागतो."

जुन्या यंत्राचा तिसरा खटका कायम दाबलेला असायचा, वर चिकटपट्टी. मी ती दर खेपेला पाहिली होती. खटका मोडला असेल, अशी मीच समजूत करून घेतली होती. विचारलं असतं तर अडाणी दिसलो असतो, आणि दुपारच्या खेळाची वेळही झाली होती. "एकही नाही," मी ठसक्यात सांगितलं. छपाई होईपर्यंत सिनेमा पाहून आलो.

तो खटका अडसालीचा होता, म्हणजे पावसाळ्यात लावून दीड वर्षानं तोडायच्या उसाचा. आमच्या कार्डावर लागणीचा नुसता महिना असायचा. ही लागण गेल्या वर्षीची धर, हे खटका सांगायचा. तो नव्हता, म्हणून सोळा महिन्यांचा ऊस चार महिन्यांचा ठरून यादीच्या तळाला गेला.

यादी लागताच बोभाटा झाला. "आमचा ऊस तुऱ्यावर आलाय अन् पाळी शेवटाला? तुमच्या यंत्राला डोळं हायेत का न्हाई?" म्हणत एक बागाईतदार आमच्या शेतकी विभागाच्या साहेबांच्या टेबलावर चढायचाच बाकी होता. ओरडणाऱ्यांची नावं साहेबांनी हातानं वर घेतली. बाकीची यादी यंत्राची म्हणून तशीच राहिली. मला एव्हाना ती पट्टी आठवली होती, सगळा उलगडाही झाला होता. पण नोकरी जाईल म्हणून मी तोंड उघडलं नाही. आज लिहितानाही स्वतःची किळस येते.

न ओरडणाऱ्यांत माझे प्राथमिक शाळेतले गुरुजी होते. निवृत्तीनंतर त्यांनी पहिल्यांदाच एकरभर अडसाली लावली होती. विहीर तळाला गेलेली, ऊस फार दिवस तग धरणार नव्हता. तरी चिडलेल्या शेजाऱ्यांना तेच समजावत, "माझा विद्यार्थी आहे तिथं. त्याचं गणित चुकायचं नाही."

त्यांचा फड चैत्रात तुटला, त्या दिवशी मीही तिथं गेलो होतो. तोवर ऊस उभ्या उभ्या वाळला होता. "गुर्जी, ह्यात रस न्हाई, नुस्तं जळान हाय," तोडणारी बाई म्हणाली. गुरुजींनी एक कांडं मोडून पाहिलं. मग मला बाजूला घेऊन, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "परत एकदा तपासलं होतंस ना रे?"

"होय गुरुजी. दोनदा."

"मग लागणीची नोंद देताना माझीच काही चूक झाली असणार," ते म्हणाले, आणि माझ्यासाठी चहा टाकायला सांगायला घराकडे गेले.