ह्यांचा कॅमेरा

ह्यांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते. हे सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर. सगळी नोकरी फिरतीवर गेलेली. कधी पेणकडे, कधी खोपोलीकडे, कधी उरण रस्त्यावर एखाद्या लहानशा पुलाचं काम. त्या दिवशीही फिरतीवरूनच आले आणि पाय धुवायला मागच्या दारी गेले. तांब्या पडल्याचा आवाज आला म्हणून मी धावले, तर भिंतीला टेकून बसलेले, तोंड एका बाजूला ओढलेलं, आणि डोळे माझ्यावर लावलेले. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय आणि वाचा गेली.

वाचा म्हणजे अगदीच गेली असंही नाही. दोन आवाज उरले. एक ‘च्’. तो नापसंतीचा, आमटीत मीठ कमी पडलं की हे आधीपासून तसंच करत. दुसरा घशातून निघणारा, लांब, हंबरल्यासारखा. मी नजरेआड झाले की तो सुरू व्हायचा. मग शेजारची बाई भिंतीपलीकडून ओरडायची, “अहो वहिनी, साहेब हाका मारतायत हो!” जणू मला ऐकू येत नव्हतं.

मुलगा तिकडे मध्य प्रदेशात कारखान्यात लागलेला, मुलगी धुळ्याला दिलेली. दोघं येऊन गेली, रडली, परत गेली. पनवेलचं ते घर, पुढची खोली, त्यातली खाट आणि मी. कूस बदलायची, अंग पुसायचं, भरवायचं, भांडं द्यायचं, परत कूस बदलायची. पिठाच्या गिरणीपलीकडे मी कुठे जाईनाशी झाले. गिरणीतही दळण ठेवून परत यायचं, नंतर न्यायला जायचं. समोर तळं होतं, पण त्याच्या काठावर बसून किती वर्षं झाली ते आठवत नव्हतं. लोक म्हणायचे, काय सेवा करतेय. मला त्या शब्दाचा राग यायचा. सेवा आपण होऊन करतात. माझ्यापुढे दुसरं काही नव्हतंच.

कॅमेरा ह्यांचा. नोकरीत बढती मिळाली तेव्हा मुंबईहून आणलेला. चामड्याच्या पेटीत असायचा, आणि पेटी लोखंडी कपाटात, वरच्या कप्प्यात. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती. त्यातून निघालेले फोटो सगळे पुलांचे. पुलाच्या खांबाशी पट्टी धरून एक गडी उभा, म्हणजे उंचीचा अंदाज यावा. मुलांचा त्यातला एकही फोटो नाही. माझाही नाही.

एका पावसाळ्यात कपाट उघडलं तर पेटीवर हिरवी बुरशी चढलेली. पनवेलच्या दमटपणात चामडं टिकत नाही. मी पेटी बाहेर काढून पुसायला बसले आणि मागून ह्यांचा आवाज सुरू झाला. वाटलं, रागावले. “फक्त पुसतेय,” मी म्हटलं, “ठेवते लगेच जागेवर.” तर ‘च्’. आणि डावा हात पुढे.

मी कॅमेरा त्यांच्या हातात दिला. अंगठ्यानं कुठलीशी कळ दाबली तशी पुढची झडप पडली आणि भिंगासकट घड्यांचा काळा भाता बाहेर आला. मी आयुष्यात पहिल्यांदा तो जवळून पाहिला. आत रोल होता, अर्धा वापरलेला. मागच्या बाजूला लाल काचेचं एक बारीक भोक होतं, त्यातून कितवा फोटो तो आकडा दिसायचा. त्यांनी मला तो दाखवला. मग कडी फिरवून पुढचा आकडा आणून दाखवला. मग कॅमेरा माझ्या हातात दिला आणि खिडकीकडे बोट केलं.

त्या दिवशी तो मला द्यावासा ह्यांना का वाटला, कोण जाणे. इतकी वर्षं दिला नव्हता. बहुधा कॅमेरा नुसता पडून राहून खराब होईल याची त्यांना भीती होती. मला तरी तेव्हा तसंच वाटलं.

पुढचे कितीतरी महिने माझी शिकवणी चालली. शब्दांवाचून शिकवायचं म्हणजे दोघांचीही परीक्षा. किती अंतर आहे ते बोटांनी. ऊन आहे की ढग आहे ते डोळे बारीक करून किंवा मोठे करून. घरात काढायचा तर कॅमेरा हातात धरायचा नाही, ट्रंकेवर ठेवायचा आणि कळ दाबून धरून श्वास आवरायचा, हे समजायला मला दोन रोल लागले. चुकलं की ‘च्’. कधी कधी मला इतकं असह्य व्हायचं की कॅमेरा खाटेवर टाकून मी चुलीपाशी जाऊन बसायचे. मग तो हंबरडा सुरू. परत यावंच लागे.

पहिला पुरता माझा रोल धुवायला दिला तो बाजारातल्या फोटोच्या दुकानात. मालक चांगला माणूस, पण तोंडाळ. फोटो हातावर ठेवत म्हणाला, “काकू, तुरुंगात काढलेत का हो? सगळ्यांत गज!”

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी फोटो बघितले. रस्त्यानं जाणारी बैलगाडी, तळ्यावर धुणं बडवणाऱ्या बाया, पावसात उभी एस. टी., समोरच्या घरातला म्हातारा, सगळ्यांवरून खिडकीचे उभे गज गेलेले. काढताना मला एकदाही ते दिसले नव्हते. खरंच दिसले नव्हते. रोज त्यातूनच तर बघत होते.

“मी तिथूनच काढते,” मी त्याला म्हटलं आणि बाहेर पडले. घरी येईपर्यंत डोळे भरून आले होते. ह्यांनी फोटो एकेक करून बघितले. गजांबद्दल ते काहीच बोलले नाहीत, म्हणजे ‘च्’ केलं नाही. फक्त बैलगाडीच्या फोटोवर बोट ठेवलं. बैलांची तोंडं कापली गेली होती.

आमच्या मागच्या दारी एक कोळीण यायची. माझ्याच वयाची असेल. गव्हाणच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. नवऱ्याची होडी पनवेलच्या बंदराला लागायची आणि ही टोपली घेऊन दारोदार फिरायची. कोलंबी, निवटे, कधी बोंबील. एकदा मी पायरीवर कॅमेरा पुसत बसले असताना आली.

“बाय, ह्ये काय हाय?”

“फोटो काढायचं यंत्र.”

“तुमी काडता?” तिनं टोपली खाली ठेवली. “मग माजा काडा की.”

मी तिला दारात बसवलं. हे आतल्या खाटेवरून बघत होते. मधलं दार उघडंच असायचं. ती लाकडासारखी ताठ बसली, हात गुडघ्यांवर, ओठ घट्ट. मी कळ दाबणार तेवढ्यात आतून ‘च्’. मी थांबले. परत लावलं. परत ‘च्’. कोळणीनं मान वळवून आत बघितलं आणि म्हणाली, “सायेब, तुमाला काय व्हतंय? मी काय तुमच्या बापाची सुपारी खाल्ली?” आणि आपल्याच बोलण्यावर तोंडावर हात घेऊन अशी हसली की माझंही हसू फुटलं. तेव्हा मी कळ दाबली.

तो माझा पहिला चांगला फोटो. गज नव्हते, कारण ती गजांच्या अलीकडे होती. ह्यांनी तो उशाशी ठेवून घेतला.

तिनं तो घरी नेला नाही, म्हणाली, घरात पाणी शिरतं, तुमच्याकडेच राहू दे. पण आमंत्रण दिलं. “नारली पुनवेला या आमच्या गावाला. होड्या सजवतात. आमच्या होडीतना न्हेते, भरतीसंगं परत आनून सोडते. काय भ्याव नाय.”

मी नाही म्हणाले, आणि मग दुसरा विचारच सुचेना. भांडी घासताना होड्या, भरवताना होड्या. शेवटी पेणच्या नणंदेला बोलावून घेतलं. ती आली ते कपाळाला आठ्या घेऊनच. “वहिनी, लग्नकार्य असतं तर समजले असते. फोटो काढायला? दादाला टाकून?”

“एक दिवस,” मी म्हटलं.

“लोक काय म्हणतील?”

“लोकांपैकी कुणी येऊन बसत असेल तर सांगा, मी त्यांनाही विचारते.” इतकं तोडून मी नणंदेशी कधी बोलले नव्हते.

पुनवेच्या सकाळी आदल्या दिवशीच काढून ठेवलेलं लुगडं नेसले, कॅमेरा खांद्याला अडकवला आणि ह्यांना सांगायला खाटेपाशी गेले. ह्यांना माहीत होतं, मी आठवडाभर सांगत होते. तरी त्यांनी डाव्या हातानं माझा पदर पकडला. हंबरले नाहीत. नुसता पदर धरला आणि माझ्याकडे बघत राहिले. राग असता तर मला सोपं गेलं असतं. ती भीती होती. मी एकेक बोट सोडवलं. त्या हातात इतकी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. सोडवून मी दाराबाहेर पडले आणि बंदरापर्यंत मागे वळून बघितलं नाही.

होडी खाडीतून निघाली तेव्हा ढग होते, पण पाण्यावर उजेड होता. खारघरचा डोंगर मागे पडला. दोन्ही काठांना तिवरांची झाडी, पलीकडे मिठागरांचे बांध. माझ्या कानांत काही नव्हतं. फक्त वल्ह्यांचा आवाज. गावात होड्यांना पताका लावलेल्या, बाया नव्या लुगड्यांत, केसांत फुलांचे गजरे, मुलं चिखलात. सोनेरी कागद लावलेला नारळ घेऊन सगळे पाण्यापाशी निघाले. मी काढत सुटले. मधे एकदा वाटलं, आता ‘च्’ होईल, आणि झालं नाही, तर मलाच चुकल्यासारखं झालं. रोल बघता बघता संपला.

आणि मग वेळ उरला. भरती यायला अवकाश होता. कोळणीनं मला घरात बसवलं, नारळीभात वाढला, सासूची ओळख करून दिली. मी सारखी उठून पाणी बघत होते. चिखल तसाच उघडा. मला पदरावरची ती बोटं जाणवत होती.

“बसा की बाय,” कोळीण म्हणाली. “भरती येल तवा येल. जीव काडलात तरी होडी नाय हालनार.”

घरी कोंडलेली होते ती इथे येऊनही कोंडलेलीच, असं तिथे बसून वाटलं आणि स्वतःचीच चीड आली. इतक्या वर्षांनी मिळालेला एक दिवस मी चिखल बघण्यात घालवत होते.

घरी पोचले तेव्हा दिवे लागले होते. नणंद दारातच होती. “पाण्याचा घोट नाही घेतला. तोंड भिंतीकडे करून पडलाय. मला तर ओळखतच नसल्यासारखा.”

मी हातपाय धुऊन वरणभात कालवला आणि खाटेवर बसले. पहिला घास भरवला आणि ह्यांनी माझं बोट दातांत धरलं. जोरात नाही. पण सोडलंही नाही. मी हात तसाच ठेवला. नणंद स्वयंपाकघरात भांडी आपटत होती. बऱ्याच वेळानं त्यांनी तोंड उघडलं.

होड्यांचे फोटो आले तेव्हा ह्यांनी बघायला नकार दिला. मान फिरवली. मी ते कोळणीला दाखवले. तिनं एकेकाला नावानिशी ओळखलं आणि दीर अर्धा कापला म्हणून मला बोल लावला. नणंद पुन्हा यायला तयार झाली नाही, आणि मीही विचारलं नाही. कॅमेरा परत कपाटात गेला. काढला तर ह्यांना त्रास, आणि नाही काढला तर मला. त्या दिवसांत मी ह्यांचं मरण चिंतलं. एकदा नाही, बऱ्याचदा. कूस बदलताना, तोंडावर हसू ठेवून.

थंडी पडली. एका दुपारी ह्यांनी कपाटाकडे बोट केलं. मी कॅमेरा आणून दिला. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, मग दाराकडे. मला समजेना. पुन्हा तेच. तेव्हा ध्यानात आलं, त्यांना माझा फोटो काढायचा होता.

छातीवर गोधडीची घडी, त्यावर कॅमेरा, बाजूला उशी. डावा अंगठा कळीवर. मी चौकटीत उभी राहिले. ‘च्’. जरा सरकले. ‘च्’. पदर नीट केला. ‘च्’. पाय दुखायला लागले, चुलीवर डाळ होती. “आता मी उभी राहायची नाही हां,” मी कमरेवर हात ठेवून म्हटलं, “डाळ लागेल!” तर हे हसले. तोंडाची एकच बाजू हसली. आणि कळ दाबली.

फोटो वाकडा आला. मागून रस्त्याचा उजेड, म्हणून माझा चेहरा काळा, फक्त कोपर आणि कमरेवरचा हात स्पष्ट. जन्मभर पुलांचे फोटो काढलेला माणूस. फोटो बघून ह्यांनी स्वतःवरच ‘च्’ केलं आणि पुन्हा दाराकडे बोट दाखवलं.

त्या रात्री दिवा मालवायच्या आधी मी विचारलं, “पुनवेला मी परत आले होते की नाही?” ह्यांनी डोळे मिटले. उत्तर म्हणून मिटले की झोप आली म्हणून, ते मला समजलं नाही.

पुढे ह्यांनी माझे पुष्कळ फोटो काढले. सगळे घरातले. दारात, चुलीपाशी, सुपात तांदूळ घेऊन, खिडकीशी. मी त्यांचे काढले. दाढी करताना, उन्हात पाय सोडून, झोपलेले. दुकानदार आता चेष्टा करेनासा झाला होता. “काकू, उजेड छान धरलाय,” म्हणायचा. मी घराबाहेर मात्र कॅमेरा परत नेला नाही.

मुंबईसह महाराष्ट्र झाला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यात हे गेले. मुलगा म्हणाला, आई, आता इथे कशाला, माझ्याकडे चल. मी म्हटलं, येईन मागाहून.

दिवसकार्य आटोपलं, सगळे पांगले, आणि एका सकाळी मी दाराला कुलूप लावलं. खाटेवर माणूस असताना त्या दाराला कधी कुलूप लागलंच नव्हतं. कॅमेरा घेऊन तळ्याच्या कडेनं निघाले. बंदराच्या वाटेवर एका ठिकाणी बाया जाळी वाळत घालत होत्या. कॅमेरा उघडला, आणि कान मागेच, ह्यांच्या आवाजाकडे. पाय आपोआप वळले. भरभर चालत, धापा टाकत घर गाठलं, कुलूप काढलं, आत गेले.

खोलीत काढून टाकलेल्या खाटेच्या पायांचे चार डाग होते. मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. पाणी प्यायले. मग बाहेर आले, पुन्हा कुलूप लावलं आणि जाळ्यांकडे निघाले.