छान फोटो

आमचा भाडेकरू सामी पॅलेस्टिनी, पुण्यात शिकणारा. काल त्याने स्टुडिओत काढलेला कोटातला फोटो आईला पाठवला, तर ती फोनवर रडायलाच लागली.

"काकू, आमच्या निर्वासितांच्या छावणीत बंदूकवाल्या संघटनेत जाणारी मुलं आधी असाच छान फोटो काढतात," तो म्हणाला. "मेल्यावर पोस्टरला लागतो. माझ्या काकांच्या पोस्टरवरच माझ्या भावाचं चिकटवलंय."

त्या संघटनेचा सगळा इतिहास एका भिंतीवर, खळीच्या थरांनी जाड होत गेलेला. पुढचा थर कोणाचा, हीच त्या माऊलीची धास्ती. आमच्या हॉलमधला माझ्या मुलाचा तसाच छान फोटोही मला बघवेना.

सकाळी पोह्यांनी गाल फुगलेले असताना सामी म्हणाला, "काकू, आता काढा." मी काढला. तोही हललेला. त्याने तसाच आईला पाठवला.

आईचं लगेच उत्तर आलं, "यातही छानच दिसतोयस रे."