कागदाचे फुगे

कागदाला लावलेल्या ताज्या खळीचा वास आला की एदोगावातल्या आमच्या शेजारच्या जपानी आजी आठवतात. बऱ्याच वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर मी आणि माझी लेक आकाशकंदील करत बसलो होतो. आजी त्यांच्या झाडाची फळं द्यायला आल्या आणि पसरलेले कागद बघून दारातच थबकल्या. "शाळेत असताना आम्हीही कागद चिकटवायचो," त्या म्हणाल्या. "लढाई चालू होती. वर्ग बंद करून आम्हा मुलींना कारखान्यात नेलं. थंडीत त्या खळीनं बोटं फुटायची. घराएवढे मोठे कागदी फुगे करायचो आम्ही." लेक हरखली. "कोणासाठी?" आजींनी माझ्याकडे पाहिलं, मग सावकाश म्हणाल्या, "तेव्हा कुणी सांगितलं नाही. त्या फुग्यांना बाँब बांधून ते समुद्रापार शत्रूच्या देशावर सोडत होते. तिकडे सहलीला गेलेली मुलं त्यात मेली, हे आम्हाला लढाई संपल्यावर कळलं. त्यानंतर मी खळीला हात लावला नाही." लेकीनं अर्धवट कंदील त्यांच्यापुढे धरला. आजींनी तो हातात घेतला, उजेडाकडे करून पाहिला आणि अगदी हळू विचारलं, "हा उडून कुठं जात नाही ना?" "नाही, ओबाचान," लेक आजींना नेहमी हाक मारायची तशीच म्हणाली, "इथंच बाल्कनीत असतो. आत दिवा लावतात." तेव्हा कुठं त्या खाली बसल्या, बाह्या वर सारल्या आणि खळीत बोट बुडवलं. आजी आता नाहीत. शाळकरी मुलींकडून लढाईनं काय करून घेतलं, ते मला त्यांच्या त्या एका प्रश्नातून कळलं.